धूर दिसेपर्यंतचा पाहुणा

कुमायचा गळा मला माझ्याच सुरीने कापावा लागला. जबडा फुटून लोंबत होता, एक डोळा गेलेला होता, आणि तरीही माझा वास लागताच त्याने शेपटी हलवली. नऊ वर्षांचा शिकारी कुत्रा. आमच्या मंगिस्ताऊच्या माळावर अशा कुत्र्यासाठी लोकांनी उंट दिलेत आणि एकमेकांचे मुडदेही पाडलेत. शेजारी धुळीत सायकलच्या चाकांचा माग होता. तो समुद्राच्या रस्त्याने उत्तरेकडे, म्हणजे माझ्याच घराकडे गेला होता.

बंदूक घ्यायला जीप हाणत घरी आलो. पाहतो तर पिशव्यांनी लादलेली सायकल माझ्या भिंतीला टेकलेली आणि सायकलवाला माझ्याच जेवणाच्या दस्तरखानाशी मांडी ठोकून मांस खातोय!

त्याचं नाव एलशान. बाकूहून जहाजाने समुद्र ओलांडून आलेला आणि आमचा किनारा, आमची गावं एकटाच सायकलने पालथी घालायला निघालेला. त्याची बोली आमच्या बोलीची चुलत बहीण, त्यामुळे सगळं कळत होतं. न कळतं तर बरं झालं असतं.

"या दादा, बसा!" माझ्याच घरात तो मला म्हणाला. "कुरिक बंदर सोडल्यापासून नुसत्या बिस्किटांवर होतो. वहिनींनी जीव वाचवला."

"पायाला काय झालं?" मी विचारलं. पोटरीला माझ्या बायकोने, कलाम्पीरने, फडकं बांधलेलं होतं.

"अहो, एक मरतुकडं कुत्रं मागे लागलं. पोटरीच धरली. मग काय, सायकलच्या कुलपाची साखळी काढली आणि चार ठेवून दिल्या. तेव्हा कुठे सुटलं."

मरतुकडं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कलाम्पीरने माझ्या बाहीवरचं रक्त पाहिलं आणि मला दंडाला धरून चुलीपाशी नेलं.

"कुमाय?"

"मेला."

ती भिंतीला टेकली. "त्याला मी बाटलीने दूध पाजलंय, जोलामान. पण हा माणूस आपल्या घरी जेवलाय. पाहुण्याला हात लावलास तर तुझं-माझं संपलं, सांगून ठेवते."

"आणि त्याने ज्याला मारलं तो कोण, परका होता?"

"ओरडू नकोस. पाहुणा ऐकेल."

मी सुरी धुतली, बाहेर आलो आणि त्याच सुरीने हाडालगतचं चांगलं मांस कापून त्याला वाढलं. त्याने बोटं चाटून खाल्लं. मी त्याची मान बघत बसलो.

आमचे म्हातारे सांगतात, ज्याला तुमच्या घराचा धूर दिसतोय तो तुमचा पाहुणा. मला पळवाट सापडली. दुपार कलल्यावर त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरून निरोप घेतला आणि पॅडल मारत निघाला. कलाम्पीर बकऱ्यांकडे गेल्यावर मी जीप काढली. लांबून, सावकाश, त्याच्यामागे राहिलो. आठ किलोमीटरवर, कड्याच्या वळणापलीकडे, आमचा धूर दिसेनासा झाला. खात्री करायला मी दोनदा मागे वळून पाहिलं. नियमाने वागणारा माणूस ना मी!

मग जीप त्याच्या अंगावर घातली.

तो सायकलसकट खडकांवर जाऊन पडला. उठायच्या आत मी त्याच्याच सायकलच्या कुलपाची साखळी ओढून काढली आणि हाणायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. त्याने हात आडवा धरला तर मनगट मोडलं, मला ऐकू आलं. दात पडले. तरी तो ओरडत होता, "दादा! अहो दादा, काय केलं मी?" ते दादा ऐकून मी आणखी जोरात मारलं. सायकलचं पुढचं चाक लाथांनी वाकवलं आणि ती पिशव्यांसकट कड्यावरून समुद्रात लोटली.

"कुत्रा माझा होता, हरामखोरा! माझा!"

हे ऐकल्यावर त्याने हात खाली घेतला. तोंडातलं रक्त थुंकून माझ्याकडे बघत राहिला.

"तुमचा होता? मग मला जेवायला का घातलंत?"

मी साखळी उचलली होती. ती तशीच वर राहिली. वळणापलीकडे धूर नव्हता, पण त्याच्या पोटात मांस माझंच होतं, मीच वाढलेलं. मला माझीच शिसारी आली.

त्याला जीपमध्ये घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. कुणी मारलं विचारल्यावर माझं नाव मीच सांगितलं. पोलिसांनी लिहून घेतलं आणि सकाळी हजर व्हायला सांगितलं.

घरी आलो तेव्हा सूर्य समुद्रात उतरत होता. कलाम्पीरने माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "जिवंत आहे?"

"आहे. धूर दिसत नव्हता गं तिथून. मी बघितलं होतं."

ती चहा ओतायला बसली. आमच्याकडे आपल्या माणसाला अर्धीच वाटी चहा देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरलेली वाटी नकोशा माणसासाठी असते: पी आणि ऊठ. तेवीस वर्षं ती मला अर्धी वाटी देत आली होती. त्या संध्याकाळी तिने ती हळूहळू, एक थेंब न सांडता, पार काठापर्यंत भरली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली.

मी ती प्यालो आणि उठलो.