गार शेगडी

तिने बाही कोपराच्या वर सरकवली, विझवलेल्या शेगडीसमोर गुडघे टेकले आणि हात धुराड्यात घातला. वळणापाशी विटांची एक कड असते, तिथे काहीही अडकतं, हे तिला लग्नापासून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. जुन्या स्वेटरचा ओला बोळा तिने त्या कडेवर कोंबला आणि मुठीने वर ठोसला. काजळी डोळ्यांत गेली, तरी तिने डोळे चोळले नाहीत. चोळले असते तर नवऱ्याच्या लक्षात आलं असतं.

तो बाहेर ओसरीवर बसला होता. पायांवर शाल, हातात निवलेला चहा, समोर उतारावरची पिवळी पडलेली झाडं. अख्खं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. गावातल्या निम्म्या शेगड्या त्याने बांधलेल्या, उरलेल्या दुरुस्त केलेल्या. त्यामुळे पानगळ सुरू झाली की घरोघरून बोलावणी यायची, थंडीआधी धुराडं साफ हवं म्हणून. उभ्या आयुष्यात त्याने हा ऋतू पाहिला तो लोकांच्या धुराड्यांतून, तोही आतून. यंदा डॉक्टरांनी काम बंद करायला लावलं आणि हा गडी ओसरीवर जो बसला तो बसलाच.

डॉक्टर शहरातले, घाटाखालचे. हृदयाची झडप बदलायलाच हवी, नाहीतर हा हिवाळा निघणं कठीण, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. बर्फ पडला की घाट बंद. उद्याची बस शेवटची. हे सगळं त्यालाही ठाऊक होतं. ती रडली, भांडली, अबोला धरून बसली. शहरातल्या मुलीने फोनवर हातापाया पडून पाहिलं. त्याचं एकच.

"जाऊ गं, आणखी चार दिवसांनी. हे ऊन तर बघ."

ऊन खरंच बघण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत होती. सकाळी तो उन्हाबरोबर खुर्ची सरकवत जायचा. तेच वर्तमानपत्र दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा जास्त आवडीने. संध्याकाळी शेगडीशी पाय पसरून जगातल्या वाईट गवंड्यांची नक्कल करून दाखवायचा, आणि तिलाही हसू आवरायचं नाही. इतकं निवांत सुख या घराने कधी पाहिलं नव्हतं. त्या सुखाचीच तिला धास्ती बसली होती. तो डुलकी घेऊ लागला की ती हातातलं काम टाकून त्याची छाती वरखाली होतेय ना, ते बघत उभी राहायची.

ऊन कलल्यावर तो आत आला.

"शेगडी कशी विझली?"

"विझली. लावा की पुन्हा."

त्याने लाकडं रचली, काडी लावली. क्षणभर जाळ नीट धरला आणि मग सगळा धूर खोलीत उलटला. तो खोकू लागला. टेबलाची कड धरून वाकला, आणि खोकला थांबेचना. त्याचे ओठ निळसर झाले. तिने खिडक्या उघडल्या, जाळावर तांब्याभर पाणी ओतलं. जीव वाचवायला निघाले आणि जीव घ्यायला बसले, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. ती बोळा ओढून काढायला शेगडीकडे धावली.

"सरक," तो म्हणाला. "ते माझं काम आहे."

तो सावकाश गुडघ्यांवर बसला. हात खांद्यापर्यंत आत गेला. ती शेजारीच उभी होती, पदर तोंडावर दाबून. त्याचा खांदा आत हलत होता, मग हलायचा थांबला. बराच वेळ तो तसाच राहिला. हात बाहेर आला तेव्हा रिकामा होता. फक्त एका बोटाला काजळीबरोबर लोकरीचा धागा चिकटलेला. त्याने तो निरखून पाहिला आणि विजारीला पुसून टाकला.

"अहो, ते मीच..."

"तू गप्प बस. शेगडीतलं तुला काय कळतं?"

तो भिंतीला टेकला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. उघड्या खिडकीतून गार वारा येत होता, आणि तो खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघत होता.

"धुराडं आतून ढासळलंय," शेवटी तो म्हणाला. "यंदा काही ते दुरुस्त व्हायचं नाही."

कोणाच्याही घरात, इतक्या वर्षांत, मिस्त्रीच्या तोंडून हे वाक्य कधी कोणी ऐकलं नव्हतं.

"मग?" तिने कसंबसं विचारलं.

"मग काय? शेगडीशिवाय या घरात हिवाळा काढतेस की काय? पोरीला फोन कर. उद्या येतोय म्हणावं."

ती फोनपर्यंत गेलीच नाही. मटकन त्याच्याजवळ खाली बसली आणि तोंड झाकून रडली. त्याने तिला रडू दिलं. मग उठायला मदत हवी म्हणून हात पुढे केला.

"चल, थोडा वेळ उन्हात बसू."

ओसरीवरचं ऊन केव्हाच गेलं होतं. तिने आतून आपली खुर्ची आणली आणि त्याच्या खुर्चीशेजारी मांडली.