खोक्यावरचा ताल

माझा भाऊ ओझेम न्यू ऑर्लीन्स सोडून शिकागोला आला तो पापांशी भांडून. पापा गिलाव्याचं काम करत. बड्या लोकांच्या दिवाणखान्यांत छताला चुन्याची वेलबुट्टी काढण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या वस्तीत कुणी नव्हता. ओझेमनं ते काम शिकावं एवढीच त्यांची इच्छा, आणि हा मिरवणुकांमागे ड्रम वाजवत हिंडायचा. एकदा जेवताना पापा म्हणाले, "लोकांच्या बारशाला कातडं बडवण्यासाठी मी तुला मोठा केला नाही." ओझेम ताटावरून उठला आणि त्याच आठवड्यात गाडीत बसला. वर्षभरानं मीही गेले. मला पापांनी अडवलं नाही. मी पियानो वाजवायचे, आणि तो मला नन्सनी शिकवलेला, म्हणजे सभ्यच असणार.

शिकागोत आम्ही दोघं वाल्सिनच्या बँडमध्ये होतो. वाल्सिन आमच्याच गावचा. तो कॉर्नेट फुंकायला लागला की दाराबाहेरचे लोक आत यायचे. पण आत आलेल्यांचे पाय हलायचे ते ओझेममुळे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

मग एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं आलं. तिची आवाज घ्यायची खोली रेल्वेनं बऱ्याच लांब, एका लहान गावात होती. त्या गावात काळ्या माणसाला हॉटेलात जागा मिळत नसे, म्हणून पहाटे निघून संध्याकाळच्या गाडीनं परतायचं ठरलं. ओझेमनं ड्रमच्या पितळी कड्या लिंबू लावून घासल्या. मी म्हटलं, "अरे, तिथं फोटो नाही काढणार, नुसता आवाज घेणार आहेत." तो म्हणाला, "तू तुझं बघ, लिओंतीन."

खोलीत भिंतींना जाड पडदे लावलेले, आणि उकाडा असा की कॉलर गळ्याला चिकटली. समोरच्या भिंतीतून पत्र्याचा एक मोठा कर्णा बाहेर आलेला. त्याच्या पलीकडे मेणाची तबकडी फिरायची आणि आवाजानं हलणारी सुई तिच्यावर रेघ कोरायची. तिथला साहेब हॉबर्ट, हातात फडकं घेतलेला, थकल्या चेहऱ्याचा माणूस. कॉर्नेटचा आवाज कर्ण्याला झेपत नाही म्हणून त्यानं वाल्सिनला पार मागच्या भिंतीशी उभं केलं आणि आम्हाला वाजवायला सांगितलं. ओझेमनं मोठ्या ड्रमवर पहिला ठोका दिला, तसा हॉबर्ट पलीकडून बाहेर आला.

"ढोल चालणार नाही. सुई उडते."

"हळू वाजवतो," ओझेम म्हणाला.

"हळू वाजवलास तरी उडेल. बाहेर ठेव."

ओझेमनं ड्रम उचलला आणि तोही बाहेर गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. मीसुद्धा नाही.

त्याच्याशिवाय आम्ही सुरुवात केली, आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळे पळत सुटलो. क्लॅरिनेट पुढे, तिला गाठायला बँजो पुढे, आणि मी दोघांच्या मागे धापा टाकत. गाणं वेळेआधीच संपलं आणि तबकडी नुसतीच फिरत राहिली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जरा जमत होतं, तर शेजारून मालगाडी धडधडत गेली. हॉबर्टनं घड्याळ पाहिलं.

"पोलीस मागे लागल्यासारखे काय पळताय?" वाल्सिन आमच्यावर खेकसला.

"मागे कुणी नाही म्हणूनच पळतोय," मी म्हटलं आणि बाहेर गेले.

ओझेम बोळात ड्रमशेजारी बसला होता.

"आत चल."

"कशाला? टाळ्या वाजवायला?"

"आम्हाला चाल धरता येत नाहीये तुझ्याशिवाय. वाल्सिन तोंडानं कबूल करणार नाही, पण त्याचा चेहरा बघ जाऊन."

 तो काठ्या घेऊन उठला. आत कोपऱ्यात मेणाच्या तबकड्यांचं एक रिकामं लाकडी खोकं पडलं होतं. त्यानं ते पालथं घातलं, त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि काठीनं वाजवून पाहिलं. कडेला कोरडा, टणक आवाज यायचा, मधोमध जरा भरीव. हॉबर्ट पलीकडे जाऊन ऐकून आला.

"हे चालेल," तो म्हणाला. "हातभर पुढे ये."

पुढचं गाणं आम्ही एका दमात वाजवलं. ओझेमचं ते टक-टक पाठीशी होतं, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. वाल्सिननं मागच्या भिंतीशी उभं राहून अशी तान घेतली की हॉबर्टच्या हातातलं फडकं खाली पडलं.

परतताना गाडीत सगळे खूश होते. ओझेम मात्र खिडकीकडे तोंड करून बसला होता. "रेकॉर्ड घरी पाठवू नकोस," तो मला म्हणाला. "पापा म्हणतील, एवढी वर्षं घालवली आणि पोरगं खोकं बडवायला शिकलं."

मी हो म्हटलं. रेकॉर्ड बाजारात आली तशी इझिडोरच्या हाती घरी पाठवून दिली. हा इझिडोर आगगाडीच्या झोपायच्या डब्यात पोर्टर होता आणि दर फेरीला आमच्या रेकॉर्डी दक्षिणेत नेऊन विकायचा. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी त्याला दारातच गाठलं.

"पापांनी ऐकली?"

"न्हाव्याच्या दुकानात. घरी रेकॉर्ड लावायचा बाजा कुठाय तुमच्या? टोपी न काढता ऐकत होते. मला विचारलं, यात आमचा कुठाय? मी म्हटलं, ते टक-टक वाजतंय ना, तो. तर म्हणाले, पुन्हा लाव. गिऱ्हाइकं वैतागली, पण त्यांच्यापुढे बोलणार कोण?"

"आणि मग?"

"मग काही नाही. घरी गेले."

मी ओझेमला काहीच सांगितलं नाही. वसंतात एका रविवारी दुपारच्या नाचाला आम्ही वाजवत होतो, आणि गर्दीतून पापा येताना दिसले. काळा कोट, हातात प्रवासाची पेटी. बँडसमोरच्या खुर्चीत ते ताठ बसले. ओझेमला ते दिसले आणि त्याचा एक ठोका चुकला. एवढ्या वर्षांत मी पाहिलेला तो पहिलाच. मग त्यानं मान खाली घातली आणि असं वाजवलं की जमिनीच्या फळ्या हादरल्या.

मध्यंतरात पापा उठून आले. मोठ्या ड्रमच्या कातड्यावर त्यांनी तळवा ठेवला.

"हा घेतला नाही त्यांनी?"

"नाही, पापा. सुई उडते."

"इझिडोर सांगत होता. म्हटलं, खरा ऐकून यावा." त्यांनी हात काढून घेतला. "गाढव आहेत लेकाचे."

ओझेम हसला. पापा हसले नाहीत, पण खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि नाच संपेपर्यंत तिथेच राहिले. संध्याकाळी आमच्या खोलीवर मी भेंडीचं गंबो केलं, गावाकडचा तो दाट रस्सा. पापांनी मागून घेतलं. नाचणाऱ्या लोकांच्या पायांत एवढं बळ कसं येतं, पाय दुखत नाहीत का, असं काहीबाही ते विचारत राहिले. ओझेमही सांगत राहिला.

"उद्या कुठं वाजवणार?" पापांनी विचारलं.

"उद्या सोमवार. सुट्टी असते."

"बरं. मग परवा येईन," असं म्हणून पापा बुटांच्या नाड्या सोडू लागले.