सात सूर्य आणि दोन चादरी

मी कॅमेऱ्याची एक जुनी लाकडी तिवई आहे. माझे दोन पाय कारखान्यातले आणि तिसरा मासळीच्या मांडवातला. त्या तिसऱ्या पायाला मांजरे अजून अंग घासून जातात. हसू नका मित्रांनो, माझी सगळी इज्जत त्याच पायावर उभी आहे.

माझी मालकीण हाल्डिस. उत्तर नॉर्वेतल्या आमच्या बेटावर ती डोंगर-समुद्राचे फोटो काढते. एकदा ओल्या खडकावरून घसरून माझा पाय मोडला. तेव्हा शेजारच्या आयलर्टकाकांनी मासे वाळवायच्या मांडवाची एक काठी कापली, तासली आणि मला बसवली. हाल्डिस खूश झाली. मी मात्र कितीतरी दिवस त्या काठीच्या मासळीच्या वासाने हैराण होते.

पुढे काका दक्षिणेला मुलीकडे कायमचे राहायला निघाले. तिथे उन्हाळ्यातही सूर्य मावळतो. "जाताना मला आपला न मावळणारा सूर्य दे गं बांधून," ते हाल्डिसला म्हणाले. बोट सकाळची होती. म्हणजे हातात एकच रात्र आणि कॅमेऱ्यात एकाच फोटोपुरती शेवटची फिल्म.

रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत दर तासाला त्याच फिल्मवर एकेक सूर्य टिपायचा होता, तोही लेन्सवर काळी काच लावून. उन्हाळ्यात आमची घड्याळे तासभर पुढे असतात, म्हणून बाराऐवजी एक वाजता सूर्य समुद्रावर सर्वांत खाली येतो. फक्त तेव्हा काच काढायची, म्हणजे बेट आणि पाणीही उमटते. या सहा तासांत मी केसभर जरी हलले असते, तरी सगळे मुसळ केरात! हाल्डिसने माझ्या पोटाखाली दगडांची पिशवी टांगली आणि मधल्या वेळात ती काकांचे सामान बांधू लागली.

एक वाजायला पाच मिनिटे असताना हाल्डिस आणि काका परतले, तर समोर दोरीवर दोन पांढऱ्या चादरी फडफडत होत्या! शेजारीण योरुन तिसरी पिळत होती.

"अगं बाई, रात्रीचा एक वाजतोय!" हाल्डिस किंचाळली.

"मग? एवढं लख्ख ऊन पडलंय, ते काय वाया घालवू?" योरुन म्हणाली. "आणि तुझी ही तीन तंगड्यांची बया माझ्या दोरीसमोर कशाला?"

"काढ आधी! काकांचा फोटो नासतोय."

योरुनचा चेहरा उतरला. ती घाईघाईने चिमटे काढू लागली, तसा काकांनी हात वर केला.

"राहू दे गं. मुलीच्या गावात रात्री एक वाजता धुणं वाळत घालणारं येडं कोण भेटणार मला? येऊ दे फोटोत."

हाल्डिसने काच काढली. तेवढ्यात वारा सुटला. चादरी फुगल्या, पिशवीतले दगड खडखडले; पण काकांनी बसवलेला पाय जागचा हलला नाही.

फोटोत सात सूर्य आले आणि मधल्या सूर्याखाली दोन चादरी. काकांनी पत्रात लिहिले, की हिवाळ्यातल्या काळोखाच्या दिवसांत ते आधी चादरी बघतात, मग सूर्य.

नंतर हाल्डिसने धातूची हलकी तिवई घेतली. मी होडीच्या शेडमध्ये गेले. बरीच वर्षे माझ्यावर मासेमारीची जाळी वाळली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकताना तिचा मोडलेला पाय कुणी बसवला होता, एवढे तरी आठवा आणि तिच्या स्क्रूला दोन थेंब तेल द्या.

परवा हाल्डिसने मला बाहेर काढून तेल दिले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आयलर्टकाका शनिवारच्या बोटीने महिनाभर राहायला येत आहेत. योरुनने चादरी आत्तापासूनच भिजत घातल्या आहेत.