वकिलांचा आवाज

कॉम्प्युटरवालीने शेवटचा स्क्रू बशीत टाकला आणि डब्याचं झाकण बाजूला सरकवलं. आत धुळीचा राखाडी थर होता. तो ब्रशने सारून तिने पंख्याखालचा चौकोन दाखवला.

“हा प्रोसेसर. याच बोर्डावर बसेल असा, बराच वेगवान मी आणलाय. वापरलेला आहे, पण तपासून घेतलाय. त्याहून नवा हवा तर मग सगळंच बदलावं लागेल, काकू.”

“सगळं नको. आवाज आहे तोच राहिला पाहिजे,” शेंगा सोलता सोलता वकिलीणबाई म्हणाल्या, “फक्त लवकर निघाला पाहिजे. आणि पाचच्या आत होईल ना? ते फिरून येतात.”

“काकांना सांगितलं नाहीये?”

“तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ‘चालतंय ते’.”

दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून वकील जे टाइप करत, ते कॉम्प्युटर बोलून दाखवी. एकसुरी, सभ्य, कुणाचाच नसलेला आवाज. त्याआधीची पस्तीस वर्षं वकिलांनी कोर्टात घेतल्या नसतील एवढ्या उलटतपासण्या घरात घेतल्या होत्या. वकिलीणबाई रोज सकाळी आठपर्यंत मौन पाळत. तो वेळ वकिलांच्या विशेष आवडीचा, कारण समोरून हरकत येत नसे.

आता वाक्य लिहून झालं, बटण दाबलं, की यंत्र जणू विचारात पडे. मुलीचा फोन आला की जावयाने तब्येत विचारावी आणि उत्तर यावं ते बोलणं नातीच्या परीक्षेवर गेल्यावर. परवा नात म्हणाली, “आजोबा, तुमचं उत्तर पोस्टाने येतं का?” सगळे हसले. वकीलही हसले, आवाजाशिवाय. वकिलीणबाईंना मात्र हसू आलं नाही. माणूस समोर बसलेला असून मागे राहतोय, हे त्यांच्याने बघवेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवालीला बोलावलं.

तिने जुना चौकोन अलगद उचलला, नवा बसवला, वर वाटाण्याएवढी पांढरी पेस्ट ठेवून पंखा घट्ट केला. मग फडक्याने कीबोर्ड पुसताना थबकली.

“ही खोडायची ‘की’ बघा. नुसती गुळगुळीत झालीय. काकांचं फार चुकतं का हो?”

“छे! एक काना इकडचा तिकडे होत नाही त्यांचा.”

कॉम्प्युटर सुरू केला. एरवी तेवढ्यात वकिलीणबाईंची वाटीभर शेंगा सोलून होत. आज तिसरी शेंग हातात होती तोच पडदा उजळला.

“अगं बाई! झालंसुद्धा?”

कॉम्प्युटरवालीने ‘नमस्कार काकू’ टाइप केलं आणि बटण दाबलं. खोलीत काहीच वाजलं नाही. बऱ्याच वेळाने आवाज आला, “नमस्कार काकू.”

वकिलीणबाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे ते तसंच राहिलं.”

“थांबा हं.” तिने दोन-तीन खिडक्या उघडल्या, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकली. “हे प्रोसेसरचं नाहीच, काकू. बोलण्याआधी किती थांबायचं ते इथे भरलंय. आठ सेकंद. मुळात शून्य असतं. तेवढ्या वेळात लिहिलेलं खोडलं, तर ते बोललं जातच नाही.”

“कुणी भरलं?”

“ते नाही कळत. तारीख आहे तेवढी. सोळा मार्च, दोन वर्षांपूर्वीची.”

वकिलीणबाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली. कॉम्प्युटर येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मुलगी-जावई जेवायला होते. काहीतरी साधं त्या बोलल्या होत्या, आणि त्या सभ्य आवाजाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “तुला काय कळतंय?” त्या ताटावरून उठून आत निघून गेल्या होत्या. त्यानंतरच तर यंत्र मंदावलं होतं. घाईत घेतलेली वस्तू, खराब निघाली, असं त्यांना वाटलं होतं.

“शून्य करू? लगेच बोलेल.”

त्यांनी शेंगेतले दाणे वाटीत सोडले. सालं पदरात गोळा केली.

“राहू दे.”

“मग जुना प्रोसेसर परत बसवू?”

“नको गं, तो असू दे. सुरू तर लवकर होतंय. आठ तेवढे आठच ठेव.”

वकील पाचला आले. काठी कोपऱ्यात ठेवून त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि खुर्चीत नीट बसायच्या आतच पडदा उजळला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग कीबोर्डशेजारच्या बशीत विसरलेला एक स्क्रू चिमटीत उचलून उजेडात धरला. साक्षीदाराला दाखवावा तसा.

वकिलीणबाई शेंगांवर वाकल्या. मागे कीबोर्ड खडखडला, तावातावाने. बटण दाबल्याचा आवाज झाला. मग शांतता.

मग एकच ‘की’ वाजू लागली, टकटक, टकटक, बराच वेळ. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने पुन्हा बोटं चालली, या खेपेला सावकाश.

“एक स्क्रू राहिलाय,” यंत्र म्हणालं. “बाकी छान झालंय.”

वकिलीणबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. उत्तर द्यायला त्यांनीही जरा वेळ घेतला.