उल्काने उघडलेले दोन नळ

मी एक जुना सोलर हीटर आहे, मित्रांनो. येलहंक्यातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर माझं बिऱ्हाड आहे. डोक्यावरून विमानं जातात, समोर कढीपत्त्याच्या झाडाचा शेंडा दिसतो आणि दिवसभर ऊन माझ्या सोबतीला असतं.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. तांब्याच्या नळ्या काळ्या पत्र्यावर बसवल्या, वर काच लावली, आणि पाणी साठवायची टाकी जाड थरात गुंडाळली, जसं थंडीत लहान मुलांना गुंडाळतात तशी. टेम्पोतून मला इथे आणलं तेव्हा चार माणसं दोरीने वर ओढत होती आणि खालून एक बाई ओरडत होती, "अहो, स्वल्प हळू! काच आहे ती!"

ती उल्का. नागपूरहून नवऱ्याबरोबर आलेली, पण इथल्या भाजीवाल्यांनी तिला इथलीच करून टाकलं होतं. कुणी काहीही म्हणालं की ती "सरी" म्हणायची. कानडीत स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं, ठीक आहे. तिचा नवरा पुरुषोत्तम संगणकाच्या कंपनीत होता. त्यांची भार्गवी तेव्हा पहिलीत होती.

मला बसवणारा कल्लाप्पा निपाणीकडचा. तो म्हणाला, "अक्का, ह्येचं तोंड दक्षिणेकडं पायजे. आणि काच पुसत जावा. न्हाईतर ह्यो रुसतोय."

"मग आमच्या घरात रुसणारे तीन झाले," उल्का म्हणाली.

पण तिने त्याचं ऐकलं. दर रविवारी ती ओलं फडकं घेऊन यायची. माझ्यापासून नळापर्यंत पाइप लांब, त्यामुळे सकाळी आधी गार पाणी येतं आणि मग गरम. ते गार पाणी तिने कधी वाया घालवलं नाही. निळ्या बादलीत धरायची आणि कढीपत्त्याला घालायची. ते झाड त्याच पाण्यावर वाढलं.

भार्गवी मात्र प्रश्न घेऊन वर यायची. "आई, रात्री ऊन नसतं, मग सकाळी पाणी गरम कसं?" उल्काला उत्तर आलं नाही तर ती म्हणायची, "तू शोध आणि मला सांग." मला माझं स्वतःचं गुपित त्या पोरीकडून कळलं. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली येतं, आणि ऊन असेपर्यंत हा फेरा कुणी न ढकलता चालू राहतो; रात्री टाकीभोवतीचा जाड थर ती ऊब धरून ठेवतो. इतकी वर्षं माझ्या पोटात हे घडत होतं आणि मला पत्ता नव्हता!

मग भार्गवी बारावीत असताना, एका डिसेंबरच्या सकाळी उल्का घाईघाईने न्हाली, बाजारात गेली आणि परत आली नाही. रस्त्यातच तिचं हृदय थांबलं. पाइपांतून घरातले सगळे आवाज माझ्यापर्यंत पोचतात, म्हणून मला ठाऊक आहे.

वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर तिचं होतं. पुरुषोत्तमने त्याचं दार लावून टाकलं. आत तिचा कंगवा, तिचा टॉवेल, सगळं तिने ठेवलं तसंच. तो आणि भार्गवी खालचं न्हाणीघर वापरू लागले.

आणि त्याच दिवसांपासून खाली गरम पाणी जाईना. कल्लाप्पाला बोलावलं. तो वरच्या न्हाणीघराकडे वळला तेव्हा पुरुषोत्तम म्हणाला, "तिथे काही नाही. ते बंदच असतं." कल्लाप्पा बिचारा गच्चीवर येऊन टाकी वाजवून गेला. "बोअरचं पाणी हाय सर. आत क्षार साचला असंल. म्हातारा झाला. काढून टाका." खाली विजेचा गीझर आला. माझ्या काचेवर धूळ बसली. मी रोज पाणी तापवायचो आणि ते रोज माझ्याच पोटात निवायचं.

पुढच्या जूनमध्ये बाप-लेकीत वाद सुरू झाला. भार्गवीला विद्यापीठात ऊर्जा प्रणालीची अभियांत्रिकी शिकायची होती. पुरुषोत्तम म्हणत होता, कॉम्प्युटर घे. त्याच आठवड्यात पसंती कळवायची होती.

ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि तो कठड्याला टेकून उभा होता.

"चार वर्षं शिकून करणार काय? लोकांच्या गच्चीवर काचा पुसणार?"

"पुसेन की. आई पुसायचीच." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, मी विद्यापीठातली प्रयोगशाळा पाहून आले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, वारा, धरणातलं पाणी, जमिनीतला कोळसा, सगळं मुळात ऊनच. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन. आणि वीज जेवढी लागेल तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. आपण सकाळी गीझर लावतो ना, तेव्हा कुठेतरी एका खोलीत माणसं बसून सगळ्या राज्याचा तोल सांभाळत असतात. मला त्या खोलीत बसायचंय. नाहीतर कारखान्यांत फिरून कुठे ऊर्जा वाया जाते ते शोधायचंय. नाहीतर दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या बांधायच्यात. कामं किती आहेत, बाबा!"

मित्रांनो, मी थक्क झालो. मला वाटायचं, मी एका घराचं पाणी तापवतो. पण या शहराच्या गच्च्यांवर माझी किती भावंडं आहेत! आम्ही सगळे मिळून रोज सकाळी त्या खोलीतल्या माणसांचं ओझं उचलत होतो. आणि माझ्या काचेवर पडणारं ऊन कोळशाचं आणि वाऱ्याचं सख्खं भावंड होतं.

पुरुषोत्तमने मात्र वेगळंच ऐकलं होतं. "म्हणजे आज पावगडच्या माळावरच्या त्या सौर प्रकल्पात, उद्या आणखी कुठे. कॉम्प्युटर घेतलंस तर इथेच राहशील." थोडं थांबून तो म्हणाला, "घरात दुसरं कोण आहे गं?"

भार्गवी बादली उचलायला वाकली आणि तिचा हात माझ्या पाइपाला लागला.

"आई गं!"

"काय झालं?"

"भाजलं! बाबा, हा चांगला तापलाय. हा बिघडलेला नाहीच!"

तिने माझा गरम पाण्याचा कॉक फिरवून बंद केला. "खाली जा आणि स्वयंपाकघरातला गरम नळ उघडा." पुरुषोत्तम कुरकुरत गेला. खालून त्याची हाक आली, "येतंय पाणी! गारच आहे!"

"पण मी तर इथे बंद केलंय!" भार्गवी जिना उतरत ओरडली. "म्हणजे हे पाणी याचं नाहीच. गच्चीवरच्या गार टाकीतलं पाणी गरमाच्या पाइपात शिरतंय. कुठेतरी गरम आणि गार असे दोन्ही नळ एकदम उघडे आहेत."

दोघांनी सगळे नळ पाहिले. सगळे बंद होते. उरलं वरचं न्हाणीघर.

"तिथे नको," पुरुषोत्तम म्हणाला.

"बाबा, आई हातातला शॉवर वापरायची. त्याचं बटण दाबलं की धार थांबते, पण भिंतीतले नळ उघडेच राहतात. एरवी ती आठवणीने बंद करायची. त्या दिवशी घाई होती."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी पाहिलंय ते. तिच्या हाताने उघडलेत ते नळ. मी बंद केले तर..."

भार्गवी दाराबाहेरच थांबली. तिने कडीला हात लावला नाही. मग पुरुषोत्तमने दाराची कडी काढली. गार पाण्याचा नळ आधी करकरला. दुसऱ्या नळाला त्याहून जास्त वेळ लागला.

भार्गवीने धावत येऊन माझा कॉक उघडला. खालच्या नळाला आधी गार पाणी आलं. पुरुषोत्तमने ते निळ्या बादलीत धरलं. मग मी निघालो. एवढे महिने पोटात राहिलेली ऊब घेऊन त्या लांब पाइपातून मी उतरलो आणि त्याच्या ओंजळीत पडलो. त्याने तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. पोरीसमोर त्याला तेवढा आडोसा हवा होता.

"पावगडला जावं लागलं तर?" त्याने तोंड न पुसताच विचारलं.

"जाईन. आणि सुट्टीला येईन."

"सरी," तो म्हणाला.

आता भार्गवी त्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. मागे ती वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन आली. त्यांनी मला जागोजागी तापमापक लावले. ढग आले की काय होतं, धूळ बसली की किती फरक पडतो, याचं गणित मांडत त्या ऊन उतरेपर्यंत बसून होत्या. एवढ्या शिकलेल्या मुलींनी माझ्याकडे इतक्या कुतूहलाने पाहावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गच्चीवर माझं एखादं भावंड असेल तर त्याची काच पुसत जा. न्हाणं झालं की भिंतीतले दोन्ही नळ बंद करा. आणि घरातलं कुणी प्रश्न घेऊन गच्चीवर निघालं, तर त्याची वाट अडवू नका.

आता थांबतो. रविवार आहे. पुरुषोत्तम ओलं फडकं घेऊन जिना चढतोय.