अर्ध्या कोयत्याची तारीख

मी बोलतेय, मंगलच्या लॅपटॉपमधली स्प्रेडशीट. रूप म्हणाल तर नुसते चौकोन. पण तोरा असा, की समोरच्यानं काय लिहिलंय यापेक्षा त्याला काय लिहायचं होतं ते मलाच जास्त कळतं. त्या तोऱ्यापायीच तोंडावर आपटले.

मंगल वडवणीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. पगारातून दर महिन्याला म्युच्युअल फंडात, पोस्टाच्या आरडीत थोडं थोडं टाकते आणि सगळं घरहिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडून ठेवते. ते सॉफ्टवेअर बिचारं भोळं. दिलं तसं ठेवतं, अक्कल चालवत नाही. अक्कल चालवायचं काम माझ्याकडे.

माझा जन्म झाला तो तिच्या आईमुळे. रुक्मिणीबाई दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा होता तोवर दोघांचा मिळून एक कोयता धरायचे. तो वारल्यापासून मुकादम त्यांना अर्धा कोयता धरतो. यंदा जाऊ नको, तुझ्यासाठी पुरेसं साठलंय, असं मंगल परोपरीनं सांगत होती. पण बाईंचा पडद्यावरच्या पैशावर काडीचा भरवसा नाही. त्यांना हातात कागद पाहिजे. आणि दुसऱ्याच दिवशी मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन येणार होता. एकदा उचल घेतली की सहा महिने फड चुकत नाही.

म्हणून मंगलनं घाईघाईत एक्स्पोर्ट दाबलं. सगळ्या गुंतवणुकीचा सारांश माझ्या चौकोनांत येऊन पडला. एका खात्याचं नाव होतं १/२. मला वाटलं, पोरीला तारीखसुद्धा धड लिहिता येत नाही. मी लगेच सुधारून '१ फेब्रुवारी' केलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. मंगलनं न बघताच झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आईच्या हातात दिली.

रुक्मिणीबाई बोट ठेवून वाचतात. बोट नेमकं माझ्या शहाणपणावर थांबलं.

"एक फेब्रुवारीला भेटणार व्हय पैसे? तवर मी फडातच आसन की," म्हणाल्या, आणि पिशवीत लुगडी भरायला लागल्या.

मंगलनं कागद ओढून घेतला आणि कपाळावर हात मारला. मला तर लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं. पण मला तोंड कुठंय!

"आई, ही तारीख न्हाई. एक भागिले दोन हाय. अर्धा कोयता. ह्ये तुझं खातं हाय."

आता बाई हसतील, असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत.

"अर्दा कावून?" त्यांनी विचारलं. "तुजा बाप गेल्यापासून ऊस मीच तोडते, मोळ्या बी मीच वाहते. मुकादम अर्दा म्हनतो ते पैसे कमी द्यायला. तू बी तसंच लिवलं?"

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लॅपटॉप उघडला, माझी तारीख पुसली आणि तिथं नुसता १ लिहिला. या खेपेला मी हूं की चूं केलं नाही.

मग तिनं मुकादमाला फोन लावला. बोलल्या मात्र रुक्मिणीबाईच.

"उचल आनू नका. बाई पुरा कोयता हाय, तुमाला परवडायची न्हाई."

यंदा त्या घरीच आहेत. मी लॅपटॉपच्या एका फोल्डरात पडून असते. तुम्ही कधी मला उघडलंत तर आपल्या माणसांची नावं तेवढी एकदा तपासून घ्या. मी लई हुशार आहे हो, माझ्या भरवशावर राहू नका.