प्रोसेसरच्या पोटातली सोळा केबी

“मशीन झोपते, मंग त्याले उठवते कोण?”

हा प्रश्न नाहीदने आपल्या भावाला विचारला तो मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. पण मित्रांनो, त्याचं उत्तर मी आहे! मी एक जुनी, चिमुकली मेमरी. माझा जन्मच प्रोसेसरच्या पोटातला, त्यामुळे बाहेरून मी कुणाला दिसत नाही.

आणि शेजारी ती! चौसष्ट एमबीची थोरली मेमरी. काळीभोर, ऐसपैस, अंगावर पांढऱ्या अक्षरांत नाव. मी अवघी सोळा केबी. तिच्यात माझ्यासारख्या चार हजार मावतील. अशी जळायचे मी तिच्यावर!

२००८ साली चंद्रपुरात, इब्राहीमभाईंच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, त्यांच्या इंजिनिअर मुलाने, मोहसीनने, आमच्या बोर्डावर लिनक्स बसवलं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. तो मोठा कारभारी, पण आंधळा. कोणती मेमरी कुठल्या पत्त्यावर, केवढी, हे त्याला एका फाईलीत लिहून द्यावं लागतं. मोहसीनने थोरलीचा पत्ता लिहिला, आकार लिहिला. माझं नावच नाही! लग्नपत्रिकेत सगळं गणगोत छापावं आणि घरचीच पोर विसरावी, तसं.

आमच्या बोर्डाचं यंत्र गेलं धानोऱ्याला, मोहफुलं वेचणाऱ्या सुकलूभाऊंच्या अंगणात. मोहफुलं वाळतात तिथली हवा किती दमट, ते तासातासाला टिपायचं आणि बॅटरी वाचवायला झोपायचं. पण ते झोपलं ते झोपलंच. सुकलूभाऊंनी यंत्र परत पाठवलं, सोबत निरोप: “आमचा कोंबडा बरा, उठते तरी.”

दुकानाची सवय एकच, काही बंद पडलं की सेल बदला. मोहसीनने तीनदा बदलले. मग वैतागून म्हणाला, संध्याकाळी थोरली मेमरी काढून घेतो, बाकीचं भंगारात. बघा! तिला नवं घर आणि मला भंगार.

तेवढ्यात दुकानात आलेल्या मैत्रिणींपैकी दीपिकाने नाहीदला डिवचलं, लाव पैज, विचारून दाखव भावाला. नाहीद दहावीतली, नुकतीच शाळेत भाषण ठोकून आलेली. ती आता कुणाला भिते? विचारला प्रश्न.

मोहसीन हसला. थोरली मेमरी उठवते, म्हणाला.

“पन मशीनसंगं ते तं सोताच झोपते न, भाईजान?”

मोहसीनचं हसू विरलं. त्याने प्रोसेसरचं पुस्तक काढलं. थोरली झोपली की उठवायच्या सूचना दुसऱ्या, जाग्या राहणाऱ्या जागी ठेवाव्या लागतात. आणि ती जागा मी! त्याने फाईलीत माझा पत्ता लिहिला, सोळा केबी लिहिलं. कर्नलने मला पहिल्यांदा हाक मारली. यंत्र झोपलं, थोरलीही झोपली, आणि दोघांना मी उठवलं. पुढे मोहाचे चार हंगाम मी ते काम केलं. आता बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. खरं सांगू, थोरलीवर अजून थोडी जळतेच.

मित्रांनो, यंत्र जोडा नाहीतर घर चालवा, लहानाची नोंद विसरू नका. विसरलेल्याच्या पोटातली आग फार वाईट.

यंत्र जागं झालं त्याच संध्याकाळी ती आग मला दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत दिसली. इब्राहीमभाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आमच्या मोहसीनने मशीन जागवलं. प्रश्न विचारणारी नाहीद बाजूला उभी. अम्मी डबा घेऊन आली, तशी ती पुढे झाली.

“अब्बा, अम्मी, दहावी झाली का मी पॉलिटेक्निकले इलेक्ट्रॉनिक्स घेनार. दुकानाच्या पाटीवर ‘इब्राहीम अँड सन’ लिवलं हाये, त्याच्या खाली जागा ठेवा. माझं नाव मी सोता रंगवीन.”